हातोडा कुणाचा

"अंबूबाईचा हातोडा घेते गं बायांनू!"

हा पुकारा जोतीरामच्या कानात बहात्तर सालापासून बसलेला होता. माणातला दुष्काळ, दहिवडीच्या पलीकडचा उघडा माळ, त्यावर सरकारी रस्त्याचं काम, आणि खडीच्या ढिगाआड ओळीनं बसलेल्या तीस-चाळीस बाया. त्यांत त्याची आई मनुबाई. त्या कामावर एक रीत पडून गेली होती. आपल्या हातोड्याचा दांडा निखळला आणि शेजारणीचा उचलावा लागला, तर आधी मोठ्यानं तिचं नाव घ्यायचं आणि मग हात लावायचा. न सांगता उचलला तर त्या बाईशी दिवसभर कुणी बोलत नसे, पाण्याचा तांब्यासुद्धा तिच्यापुढून सरकत जाई.

हळूहळू ती रीत गाण्यालाही लागली. उन्हात हात चालता राहावा म्हणून बाया ओव्या म्हणायच्या, जुन्या सरल्या की नव्या रचायच्या. दुसरीनं रचलेली ओवी ओठावर आली की आधी तसाच पुकारा व्हायचा, आणि मगच ओवी.

माझ्या हातीचा हातोडा, त्याला बाभळीचा दांडा
रोज इचारी मला, कवा सरंल गं धोंडा

अंबूबाई मग मान खाली घालून जरा जास्तच जोरानं घाव घालायची. तिची अशी ही एकच ओवी होती, पण तेवढ्या एकीवर ती दुष्काळभर ताठ बसली.

मनुबाईचं तसं नव्हतं. तिच्या तोंडून ओव्या अशा यायच्या, जसे फुटक्या कणगीतनं दाणे यावेत. दिवसातनं दहा वेळा कुणी ना कुणी "मनुबाईचा हातोडा घेते" म्हणायची. जोतीराम तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. कॉलेज बंद ठेवून सगळी पोरं कामावर आलेली, तोही टोपलीनं खडी वाहायचा आणि आईचं नाव असं माळभर घुमताना ऐकायचा. उन्हानं डोकं भणभणलेलं असायचं, पण त्या नावानं पायाला बळ यायचं.

आणि आता, सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये, साताऱ्याच्या एका कॉलेजात टेबलापलीकडचे गृहस्थ त्याला विचारत होते, "हे तुम्ही कुठून उचललंत?"

जागा इंग्रजीच्या अध्यापकाची होती. लोणंदच्या हायस्कुलात वर्षभर शिकवून जोतीराम मुलाखतीला आला होता. इस्त्रीचा सदरा गावातल्या कोंडीबा शिंप्यानं घाईनं शिवून दिलेला, एक बाही दुसरीपेक्षा बोटभर आखूड. टेबलावर त्याचा एम.ए.चा प्रबंध होता, काळ्या कापडी बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा. त्याच्या शेजारी एक पातळ इंग्रजी त्रैमासिक उघडून ठेवलेलं होतं.

गृहस्थांनी दोन्ही त्याच्याकडे फिरवली. पेन्सिलीनं दोन्हीकडे खुणा केल्या होत्या. त्रैमासिकातला लेख दुष्काळी कामावरच्या बायकांच्या गाण्यांवर होता. लेखकाचं नाव प्राध्यापक शांतिनाथ चौगुले, सांगली. अंक डिसेंबर पंचाहत्तरचा. जोतीरामचा प्रबंध एप्रिल शहात्तरचा.

तो वाचत गेला. पहिलं पान, दुसरं पान. ओव्या त्याच, क्रमही तोच. तिसऱ्या पानावर त्याला ते वाक्य दिसलं, आणि तिथं त्याचे डोळे थांबले ते पुढं सरकेनात.

"चौगुले तुमचे मार्गदर्शक ना?" दुसरे एक जण म्हणाले. "गुरूचं उचलायचं, आणि गुरूच्याच हातात तपासायला द्यायचं. हिंमत आहे तुमची."

तिसरे हसले. प्राचार्य तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले की तुमचं शिकवणं ऐकलं, ते आवडलं, म्हणून आठ दिवस देतो. ज्या बाईनं या ओव्या म्हटल्या तिच्याकडून लिहून आणा, तिनं त्या कुणाला दिल्या आणि कधी दिल्या. ते आणलंत तर जागा तुमची. नाही आणलंत तर जागा दुसऱ्याला जाईल, आणि विद्यापीठाला कळवावं लागेल, मग पदवीचं काय ते तेच बघतील.

जोतीराम "बरं" म्हणून उठला. बाहेर व्हरांड्यात नळ होता, त्याखाली त्यानं तोंड धरलं. ते वाक्य काही तोंडावरून धुतलं जाईना.

ते वाक्य कसं झालं होतं, ते सांगायला चौगुले सरांच्या शनिवारच्या तासाला जावं लागेल.

सांगलीला एम.ए.ला आलेली ती आठ जणं. सगळी मराठी शाळांतली, इंग्रजी अक्षर पाचवीत पाहिलेली. पुस्तकातलं इंग्रजी समजायचं, पण लिहायला बसलं की हात बांधल्यासारखा व्हायचा. सरांनी पहिल्याच शनिवारी आठ जणांच्या वह्या मागवल्या आणि एकेक उघडून पहिलं वाक्य वाचून दाखवलं. आठही वह्यांत पहिलं वाक्य एकच, बाजारातल्या गाइडातलं.

"आठ लेकरं आणि तोंडवळा एकच," सर म्हणाले. "आता यांचा बाप कोण, ते मी विचारत नाही."

वर्ग हसला. सरांनी वह्या मिटल्या. मग त्यांनी आपल्या झोळीतनं लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. सरांच्या थोरल्या भावाचं मार्केट यार्डात हळदीचं दुकान होतं, गावोगावच्या व्यापाऱ्यांच्या पत्रिका तिथं यायच्या. लग्नं लागून गेली की सर त्या गोळा करायचे, मधोमध कापायचे, आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर टिपणं करायला मुलांना द्यायचे. पत्रिकांना हळदीचा वास असायचा. एका पत्रिकेवर एकच गोष्ट लिहायची, आणि खाली तीन प्रश्नांची उत्तरं. कुणाचं? कुठलं? कधीचं?

"हे तीन नसतील तर ते टिपण नाही, ती कंडी," ते सांगायचे.

मराठीतनं इंग्रजीत जाताना वाक्य कुठं मोडतं, ते सर बोट ठेवून दाखवायचे. मराठीत आपण सगळं सामान आधी गाडीत भरतो, ते म्हणत, आणि बैल शेवटी जुंपतो. इंग्रजीत कर्ता आला की लगेच बैल, सामान मागनं. जोतीरामनं हे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं. सर कधी कुणाला लाज वाटेल असं बोलले नाहीत. तांबड्या शाईनं वही रंगवायची त्यांची पद्धत नव्हती. शिसपेन्सिलीनं बारीक रेघ मारायचे आणि म्हणायचे, ही बघ, इथं तू दमलास, जरा बसून पुन्हा लिही.

प्रबंधाला विषय काय घ्यावा, हे ठरत नव्हतं तेव्हा जोतीरामनं भीत भीत त्यांना खडीवरच्या पुकाऱ्याची गोष्ट सांगितली. सर खुर्चीतनं उठून उभे राहिले.

"अरे, मी दर शनिवारी घसा कोरडा करून जे शिकवतोय ते तुमच्या बाया दगड फोडता फोडता करताहेत!"

त्या दिवसापासून वर्गात तो शब्दच रूढ झाला. कुणी संदर्भ न देता एखादं वाक्य लिहिलं की सर विचारायचे, हातोडा कुणाचा? पलूसचा आप्पासो, उसाच्या वीस एकरांचा धनी, त्याला मात्र याची मजा वाटायची. त्या दिवशी तास सुटल्यावर तो म्हणाला, "गड्या, खडी फोडणाऱ्या बायांवर एम.ए. करणार व्हय? मग उद्या आमच्या ऊसतोडीच्या बायांवर डॉक्टर हो. तुझी आई काय करती रं?"

"घरीच असती," जोतीराम म्हणाला.

पुढच्या शनिवारी पहिलं टिपण सरांच्या हातात गेलं. कुठलं, कधीचं, दोन्ही लिहिलेलं. कुणाचं, त्यापुढं कोरं. सरांनी नाव विचारलं. आप्पासो शेजारीच बसला होता, पेन टोपणात घालत.

"कळलं नाही सर. एक म्हातारी होती."

"मग विचारून ये."

असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी सर म्हणाले की नाव नसलेली गोष्ट लिहू नये, पण तुझा नाइलाज असेल तर तसं स्पष्ट लिहू. आणि त्यांनीच ते इंग्रजी वाक्य करून दिलं. या ओव्या माण तालुक्यातल्या एका वृद्ध, निरक्षर स्त्रीकडून मिळाल्या. तिचे नाव कळू शकले नाही. जोतीरामनं ते उतरून घेतलं. मनुबाई तेव्हा पंचेचाळिशीतही नव्हती.

एकूण ओव्या बेचाळीस होत्या. त्यानं एकेचाळीसच दिल्या. बेचाळिसावीची पत्रिका त्यानं पाकिटात ठेवली, कारण ती वाचली असती तर कुणालाही कळलं असतं.

लेक माझा शिकायाला, किस्नेच्या गं काठाला
पाणी बघून येतो, सांगाया दुष्काळाला

आणि मग तो शनिवार. मनुबाईची एक ओवी होती.

पाऊस रुसून गेला, जशी माहेराला सून
मुराळी धाडू कुणा, त्याला आणाया समजावून

मुराळ्याला इंग्रजीत शब्द मिळेना. बाकीचे सात जण निघून गेले, तरी ही दोघं बसलीच. सासुरवाशीण आणायला-पोचवायला जाणारा माणूस, बहुधा भाऊ, हे सगळं सांगायला जोतीरामला इंग्रजीत अर्धं पान लागलं. सर म्हणाले, शब्द नसेल तर आपलाच ठेव आणि एका वाक्यात सांग, अर्ध्या पानात नाही. जोतीरामनं सात वेळा लिहिलं, सात वेळा खोडलं. आठव्यांदा लिहिलं ते असं होतं: मुराळी म्हणजे तो पुरुष, जो रागावलेल्या घराकडून रडणाऱ्या घराकडे चालत जातो. सरांनी ते वाचलं. पेन्सिल खाली ठेवली. दोन्ही हातांनी टाळी वाजवली, रिकाम्या वर्गात, एकट्यानं.

"हे तुझं पहिलं इंग्रजी वाक्य," ते म्हणाले. "आजवरची सगळी उसनी होती."

त्या दिवशी ते त्याला घरी जेवायला घेऊन गेले. सूर्य मावळायच्या आत जेवायची त्या घरची रीत. आक्काताई वहिनींनी त्याला तीन भाकऱ्या वाढल्या आणि सर त्यांना सांगत राहिले, या पोरानं आज काय लिहिलं बघ. मे महिन्याच्या सुट्टीत सरांनी त्याचं पहिलं हस्तलिखित वाचायला म्हणून ठेवून घेतलं. त्यानं आनंदानं दिलं. त्यांनी मागितलं नसतं तरी दिलं असतं.

ते वाक्य आता डिसेंबरच्या अंकात, तिसऱ्या पानावर, चौगुले सरांच्या नावाखाली होतं. एक स्वल्पविरामसुद्धा बदललेला नव्हता.

साताऱ्याहून तो थेट सांगलीला गेला. कराडच्या स्टँडवर गाडी तासभर थांबली, तेवढ्या वेळात त्यानं सरांना काय काय विचारायचं ते मनात नीट लावलं, पहिलं टिपण, दुसरं टिपण, शनिवारी लावायचा तसं. सरांच्या दारात पोचला तेव्हा उन्हं कलली होती आणि ताटं मांडलेली होती. आक्काताई वहिनी त्याला बघून हरखल्या. आत जाऊन तिसरं ताट घेऊन आल्या.

जोतीराम बसला नाही. त्यानं अंकाचं नाव आणि पान सांगितलं.

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "दाखवणार होतो तुला."

"माझं नाव कुठाय सर?"

"शेवटच्या टिपेत आहे. एका विद्यार्थ्यानं साहाय्य केलं, असं."

"एका विद्यार्थ्यानं."

सरांनी ताट बाजूला सरकवलं. मग बोलू लागले ते हळू आवाजात, वर्गातल्यासारखं. पंधरा वर्षं तुमच्या वह्या दुरुस्त केल्या, ते म्हणाले, शेकड्यांनी वह्या, आणि माझं स्वतःचं एक वाक्य कुठं छापलेलं नव्हतं. विभागप्रमुखाची जागा निघाली, छापील लेख असल्याखेरीज अर्ज घेईनात. तुझं हस्तलिखित टेबलावर होतं. त्यात निम्मं इंग्रजी माझंच होतं, निम्म्याहून जास्त. मला ते तुझं वाटेनाच.

"ओव्या?"

"ओव्या त्या म्हातारीच्या. तिचं नाव मी तुला तीनदा विचारलं. तू म्हणालास, कळलं नाही. जिला नाव नाही तिचं गाणं वाऱ्यावरचं, जोतीराम. तू उचललंस काय आणि मी उचललं काय. राहिलं इंग्रजी. ते कुणाचं, हे तूच सांग."

जोतीरामनं मनात लावलेली सगळी टिपणं विस्कटली. त्याच्या तोंडून बाहेर आलं ते सांगलीचं नव्हतं, गावचं होतं.

"मुराळ्याचं वाक्य माजं हाय सर."

सरांनी मान वर केली. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडला.

"ते तुझं," ते म्हणाले. "तेवढं तुझं आहे."

आक्काताई वहिनी वाढायची पळी हातात धरून दारात उभ्या होत्या. कधी नवऱ्याकडे, कधी त्याच्याकडे बघत होत्या. सरांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले की मी काही राक्षस नाही. त्या बाईला शोध. तिनं अंगठा करून दिला, की गाणी तिची आणि तिनं ती तुला दिली, तर मी स्वतः साताऱ्याला येईन आणि त्या सगळ्यांपुढं सांगेन, चोर मी आहे. हे बोलताना त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. माणातली एक नाव नसलेली म्हातारी, पाच वर्षांपूर्वीची. ती सापडणार नाही हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

ती माझी आई आहे. हे शब्द जोतीरामच्या दातांपर्यंत आले. पण ते बोलायचं म्हणजे मागची तीन उत्तरंही बोलावी लागली असती. या माणसानं आपल्याला लुटलं, हे खरं. आणि आपण याच माणसाच्या डोळ्यांत बघून तीनदा खोटं बोललो, हेही आत कुठंतरी खडीसारखं टोचत होतं. शब्द परत फिरले. तो वहिनींना नमस्कार करून पायऱ्या उतरला. मागून त्यांनी विचारलं की न जेवता का चाललास रे, तेव्हा तो रस्त्याला लागला होता.

दुसऱ्या दिवशी दहिवडीच्या गाडीत खिडकीशी बसून तो सरांना मनातल्या मनात शिव्या घालत होता. आयुष्यात त्यानं ज्याच्यावर डोळे झाकून भरवसा टाकला असा तो एकच माणूस होता. बाप मुंबईच्या गिरणीत, वर्षातनं दोनदा दिसणारा. टाळी वाजवणारे फक्त सर होते. ती टाळी आता आठवली की कानशिलात बसल्यासारखी वाटायची. ऊस मागं पडला, विहिरी मागं पडल्या, बाभळी आणि मेंढरं सुरू झाली, तशी त्याला आणखी एक गोष्ट आठवली आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

वर्षापूर्वी प्रबंधाची एक प्रत त्यानं घरी आणली होती. मनुबाईनं हात धुऊन, पदराला पुसून ती मांडीवर घेतली होती. सगळी पानं उलटली, वास घेतला. मग विचारलं होतं, माजं नाव कुटं हाय? त्यानं प्रस्तावना उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. हे बघ आये, इथं. मनुबाई, माण तालुका. तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं, दोनदा. ओळ तीच होती, सरांनी करून दिलेली. दुसरी कुठली ओळ दाखवावी हे त्याला त्या घटकेला सुचलं नव्हतं.

घरी पोचला तेव्हा दिवस चांगला वर आला होता. मनुबाई सोप्यात अंबूबाईबरोबर मटकी निवडत बसलेली. दोघींचा दुष्काळातला शेजार अजून सुटलेला नव्हता. अंबूबाईनं त्याला बघितलं आणि म्हणाली, "आलं बघ सायब. सदऱ्याची एक बाही कुटं इसरून आला?"

त्यानं हातपाय धुतले, पाणी प्यायला, आणि दोघींना सगळं सांगितलं. म्हणजे सरांपर्यंतचं सगळं. सरांनी ओव्या आपल्या नावानं छापल्या, साताऱ्याचे लोक त्यालाच चोर म्हणाले, आठ दिवसांत ओव्या म्हणणाऱ्या बाईचा अंगठा हवा. मनुबाई ऐकत होती. तिच्या हातातली मटकी सुपात पडायची थांबली.

"त्यो मास्तर," ती म्हणाली, "ज्यानं तुला जेवू घातलं, त्यो?"

"व्हय."

"न सांगता उचलला हातोडा?"

"व्हय आये."

तिनं यावर शिवी दिली नाही. मांडीवरचं सूप उचलून खाली ठेवलं, आणि जोतीरामला वाटलं, आपल्या वतीनं एवढं दुःख दुसऱ्या कुणाला होणार नाही. अंबूबाईनं मात्र मास्तराच्या सात पिढ्या काढल्या. मग तिला स्वतःचं आठवलं.

"माजी बी हाय न्हवं रं त्यात? दांड्याची?"

"हाय."

"मग पुकारा केलास न्हवं माजा?"

जोतीराम पिशवीतनं शाळेचं शाईचं पॅड काढत होता. ऐकलंच नाही असं त्यानं दाखवलं. कागद त्यानं गाडीतच लिहून ठेवला होता. तो वाचून दाखवला. मी मनुबाई, या ओव्या माझ्या, मी त्या माझा मुलगा जोतीराम यास चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीत सांगितल्या. मनुबाईनं मान हलवली. नीट लिवलंस, म्हणाली. अंगठा पॅडवर दाबला, निळा झाला. कागदावर टेकवणार तेवढ्यात तिचा हात हवेतच थांबला.

"थांब जरा," ती म्हणाली. "आमी बी अगदी येड्या हाओत."

ती उठली, निळा अंगठा बाजूला धरून एका हातानं ट्रंक उघडली. लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेला प्रबंध काढला. त्या धडप्याबरोबर तिचा जुना हातोडाही होता. गेल्या खंडेनवमीला तिनं दोघांची पूजा केली होती, हातोड्याची आणि पुस्तकाची, असं अंबूबाई कौतुकानं सांगू लागली. सगळ्या आळीच्या बाया बघायला आल्या हुत्या, म्हणाली, आन् समद्यांनी हात लावून बघितला.

मनुबाईनं पान उघडलं. ते तिला शोधावं लागलं नाही, पुस्तक तिथंच आपोआप उघडत होतं. त्या ओळीवर, बरोबर मधोमध, कुंकवाचं बोट लागलेलं होतं. भोवती हळदीचा पिवळा डाग पानात मुरून गेला होता. त्याखालून इंग्रजी अक्षरं अजून सरळ वाचता येत होती.

"आता सांग," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर भांडण जिंकल्यासारखं हसू होतं. "हितं माजं नाव हाय न्हवं, छापून? मग आंगठा कशापायी लागतुया त्यास्नी? हीच वळ दाव की साताऱ्याला. म्हणावं, बघा, माज्या लेकानं आयचा हातोडा नाव घिऊनच उचललाय. त्या मास्तराच्या कागदात हाय का कुणाचं नाव?"

"खरंच की," अंबूबाई म्हणाली. "आंगठ्यापरीस छापील बरं."

जोतीरामला उत्तर सुचलं होतं. सरकारी लोकांना अंगठा लागतोच आये, त्यांचा तो नियम हाय. एवढं म्हटलं असतं तर तिनं अंगठा टेकवला असता. साताऱ्याची जागा, पदवी, सरांची खाली गेलेली मान, सगळं त्या एका वाक्याच्या पलीकडे होतं. वाक्य सोपं होतं. असं बोलायला तो सांगलीत शिकला होता, आणि त्याला आता कुणाच्या दुरुस्तीची गरज नव्हती.

मनुबाई त्याच्याकडं बघत होती. निळा अंगठा तिनं अजून लुगड्याला लागू नये म्हणून वर धरलेला होता.

तो खाली बसला. पाकिटातनं लग्नपत्रिकेचा चुरगळलेला तुकडा काढला, बेचाळिसाव्या ओवीचा, आणि काय करावं ते न कळून पुस्तकाशेजारी ठेवला.

"आये," तो म्हणाला, "त्या वळीत तुजं नाव न्हाई. तितं लिवलंय, एक म्हातारी हुती, अडाणी, तिचं नाव कळलं न्हाई. मास्तरनं मला तीनदा इचारलं, बाईचं नाव काय. खडी फोडणारी माजी आय हाय म्हणायची लाज वाटली मला. ठावं न्हाई म्हणून मीच सांगितलं."